विश्लेषण : आजोबांची शिकारी रायफल नातवाला ठेवता येते का? जुन्या ‘बोल्ट ॲक्शन’ बंदुकीचे आकर्षण आणि कायदा काय सांगतो?

मावळातल्या एखाद्या जुन्या वाड्यात किंवा लोणावळा-खंडाळ्याच्या एखाद्या बंगल्यात कपाट आवरताना चामड्याची लांबट पेटी निघते. आत अखरोटाच्या लाकडाचा दस्ता, निळसर-काळी नळी आणि नळीवर कोरलेले कुठल्या तरी परदेशी कारखान्याचे नाव. आजोबांच्या शिकारीच्या गोष्टी घरात सगळ्यांनी ऐकलेल्या असतात. परवान्याचे पुस्तक कुठे आहे, हे मात्र अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. अशी रायफल घरची आठवण आहे, मौल्यवान वस्तू आहे की थेट गुन्हा? याचे उत्तर बंदुकीवर नाही, तर तिच्या कागदांवर अवलंबून आहे.

‘बोल्ट ॲक्शन’ म्हणजे काय?

दाराची कडी जशी उचलून सरकवतात, तशीच या रायफलीची रचना असते. बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलली की मॅगझिनमधले नवे काडतूस नळीत जाते आणि मूठ खाली दाबली की बोल्टचे दात खाचेत अडकून मागची बाजू घट्ट बंद होते. प्रत्येक गोळीसाठी ही क्रिया हातानेच करावी लागते. सुटे भाग कमी, म्हणून बिघाड कमी आणि नेम अचूक. जर्मनीच्या पॉल माउझर यांची १८९८ सालची रचना इतकी भक्कम ठरली की, आजही अनेक शिकारी रायफली तिच्याच धर्तीवर बनतात.

ही पद्धत केवळ इतिहासजमा झालेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारातही प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हातानेच ओढावा लागतो.

जुन्या, दुर्मीळ रायफलीची ओढ कशासाठी?

पहिले कारण कारागिरी. एकेकाळी बोल्ट, खटका, दस्ता हे भाग कारागीर हाताने घासून एकमेकांत बसवत. ऑस्ट्रियातील स्टायर येथे बनणारी ‘मानलिखर-शोनावर’ ही रायफल याचे उत्तम उदाहरण. तिचे लाकूड नळीच्या टोकापर्यंत जाते, मॅगझिन आतल्या आत गोल फिरते आणि बोल्ट लोण्यातून सुरी फिरावी तसा सरकतो. १९०३ मध्ये सुरू झालेले तिचे उत्पादन १९७२ मध्ये थांबले. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेही हेच वर्ष.

दुसरे कारण गोष्ट. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ मध्ये संयुक्त प्रांताच्या नायब राज्यपालांनी ‘.२७५ रिग्बी’ रायफल भेट दिली होती. माउझरच्या रचनेवर बनलेली ती रायफल २०१५ मध्ये लंडनच्या रिग्बी कंपनीनेच पुन्हा विकत घेतली. तशा रायफली इतरही होत्या. या एकीला मोल आले ते तिच्या मालकामुळे. घरातल्या रायफलीचेही तसेच असते. बाजारात तिला काय भाव येईल, यापेक्षा ती कोणाच्या खांद्यावर होती, हे घरच्यांना महत्त्वाचे वाटते.

तिसरे कारण टंचाई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या रायफलीच हातोहात फिरत राहिल्या.

बंदुकीचे माप इतके महत्त्वाचे का?

नळीवरचा आकडा ही नुसती तांत्रिक नोंद नाही, तिच्यामागे इंग्रजी राजवटीचा धाक आहे. लष्कराची काडतुसे नागरिकांच्या बंदुकीत चालू नयेत, हे सरकारचे धोरण होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतात .४५० मापावर बंदी आली, तेव्हा इंग्लंडच्या कारखानदारांनी .४६५, .४७० अशी नवी मापे काढली. लष्कराचे .३०३ हे माप तर आजही ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते.

नागरिकांसाठी रूढ झाले ते .३१५, म्हणजे ८ मिलिमीटर. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ रायफल याच मापाची असून तिची रचना लष्करी ली-एनफिल्डवरून घेतलेली आहे. तिची काडतुसे देशात बनतात. जुन्या काडतुसांच्या बुडावर दिसणारी ‘केएफ’ ही अक्षरे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची.

दुर्मीळ मापाच्या विदेशी रायफलीची अडचण इथेच सुरू होते. रायफल हाती असते. पण तिची काडतुसे सहज मिळत नाहीत, मिळाली तर महाग पडतात. दुसऱ्या मापाचे ‘जवळपास बसणारे’ काडतूस घालणे जिवावर बेतू शकते.

त्या रायफलीने आज शिकार करता येते का?

नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९७२ साली शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. बिबट्यासारख्या अनुसूची एकमधील प्राण्याची शिकार केल्यास किमान तीन ते सात वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड आहे.

मावळात रानडुकरे भातखाचरांची नासाडी करतात, ही शेतकऱ्यांची खरी अडचण आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे. कायद्याच्या कलम ११ नुसार वन विभागाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. ती नसताना चालवलेली गोळी दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडते.

आणखी एक तरतूद फारशी माहीत नसते. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वन विभागाकडे नोंदणी करायची असते. या टापूत नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते. उत्तरेला भीमाशंकर आणि दक्षिणेला ताम्हिणी अशी अभयारण्ये असल्याने या भागातील परवानाधारकांनी आपले अंतर तपासून घ्यावे.

मालक हयात नसेल तर रायफल कोणाची?

बंदूक मालमत्ता असली तरी परवाना वारसाने मिळत नाही. तो व्यक्तीच्या नावावर असतो आणि त्या व्यक्तीबरोबरच संपतो. त्यानंतर घरात पडून राहिलेली बंदूक बेकायदा ठरू शकते. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायची असते. जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवला की ती परत घेता येते किंवा पात्र व्यक्तीला विकता येते. मात्र ठरलेल्या मुदतीत कोणी दावाच केला नाही, तर ती सरकारजमा होते.

२०१६ च्या शस्त्र नियमांत आणखी एक सोय आहे. मालकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा बंदूक २५ वर्षे बाळगली असेल, तर हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. इतर वारसांची हरकत नसल्याचे लेखी द्यावे लागते. भावाभावांत जमिनीवरून होतात तसे वाद यातही होतात. त्यामुळे आजोबा स्वतः सांगू शकतात, सही करू शकतात, तोवरच हे काम उरकणे शहाणपणाचे.

घरात आधीच दोन बंदुका असतील तर?

२०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोन झाली. वारसाने आलेली बंदूकही याच दोनांत धरली जाते. म्हणजे नातवाकडे पिस्तूल आणि बारा बोअरची बंदूक असेल, तर आजोबांच्या रायफलीसाठी त्यातली एक सोडावी लागेल. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आणि विनापरवाना बंदुकीची शिक्षा किमान दोन ते पाच वर्षे झाली. बंदूक प्रतिबंधित प्रकारातली असेल, तर शिक्षा याहून कितीतरी कडक आहे. म्हणून सापडलेली रायफल .३०३ आहे की .३१५, हा प्रश्न किरकोळ नाही.

मावळात अर्ज कुठे करायचा?

हा तालुका पोलिसांच्या दोन हद्दींत विभागलेला आहे. लोणावळा, कामशेत, वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहेत. तिथल्या रहिवाशांसाठी परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. तळेगाव दाभाडे २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात गेले. तिथे हा अधिकार पोलीस आयुक्तांचा. अर्जदार २१ वर्षांचा असावा लागतो. पोलीस पडताळणी होते, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि बंदूक घरात कुलूपबंद ठेवण्याची हमी द्यावी लागते. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा विशिष्ट क्रमांक असणेही आवश्यक आहे.

लोणावळ्याच्या पावसात रायफल कशी टिकते?

परवाना हाती आला तरी मालकाचे काम संपत नाही. वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात पोलादाचा खरा वैरी दमट हवा. शोभिवंत चामड्याची पेटी ओल धरून ठेवते आणि आतल्या आत नळीला गंज चढतो. जुन्या काडतुसांच्या टोपीतील क्षार नळीत राहिले तर ते हवेतला ओलावा ओढतात आणि नळीतील पेचदार खाचा खातात. दस्त्याचे लाकूड फुगते, कधी चिरते. त्यामुळे पावसाळ्यात नळी वरचेवर पुसणे, तेलाचा पातळ हात देणे आणि कपाटात ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवणे गरजेचे. अनेक वर्षे बंद असलेली रायफल परवानाधारक कारागिराने तपासल्याशिवाय चालवू नये.

मग ठेवावी की सोडावी?

नेमबाजीची आवड असेल, तर जुनी शिकारी रायफल फारशी उपयोगाची नाही. म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सरावासाठी वेगळ्या, हलक्या मापाच्या रायफली लागतात. रुबाबासाठी हवी असेल, तर समारंभात हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. निवडणूक आली की छाननी समिती ठरवेल त्यांना बंदूक पोलिसांकडे जमाही करावी लागते. राहते ती केवळ जपणुकीची ओढ. ती खोटी नाही. पण जपायचे म्हणजे नळीला तेल लावण्याइतकेच परवान्याची तारीख लक्षात ठेवणे.

ज्या घरात अशी पेटी आहे, तिथे आज करण्यासारखे काम एकच : परवान्याचे पुस्तक शोधून त्यावरचे नाव, बंदुकीचा क्रमांक आणि मुदत वाचणे. नाव हयात माणसाचे असेल, तर वारसाचा अर्ज भरायला वेळ आहे. नसेल, तर पेटी पुन्हा कपाटात ठेवण्यापेक्षा पोलीस ठाण्यात कळवून रीतसर जमा करणे, हाच ती रायफल घराण्यात राहण्याचा उरलेला मार्ग आहे.