भ्रमाचे निदान : संभाषण की आलेख?

वैनगंगेकाठच्या पवनीत ज्वराने ग्रासलेला एखादा वृद्ध सायंकाळी अकस्मात असंबद्ध बरळू लागला, तर त्यास म्हातारचळ समजून घरच्या मंडळींनी स्वस्थ बसू नये. कारण हा भ्रम, म्हणजेच मेंदूची तातडीची तक्रार होय. तो ओळखण्याचा एक मार्ग मेंदूच्या लहरींच्या आलेखाचा. जर्मनीत हान्स बेर्गर यांनी १९२४ साली मानवी मेंदूच्या विद्युत्लहरी प्रथम नोंदविल्या, आणि भ्रमावस्थेत सेकंदास ८ ते १३ आवर्तनांची स्वाभाविक लय मंदावते, हे एंगेल व रोमानो या संशोधकांनी १९५९ च्या निबंधात मांडले. परंतु स्मृतिभ्रंशातही ती मंदावते, आणि दारू एकाएकी सुटल्याने जडणाऱ्या भ्रमात उलट जलद असू शकते, सबब केवळ आलेखावर निवाडा देणे इष्ट नव्हे. १९९० साली शॅरन इनोये यांनी प्रसृत केलेली, संभाषणावर आधारलेली निदानपद्धत यंत्राची मोताद नाही : अवस्था अचानक उद्भवून कमीअधिक होते आणि अवधान टिकत नाही, ही दोन्ही लक्षणे असून शिवाय विचारांची विस्कळीतता किंवा जाणिवेतील पालट दिसला, म्हणजे निदान झाले. निपचित पडून राहणारा रुग्ण मात्र नजरेतून सहज सुटतो (गडबड न करणाऱ्याकडे कोण पाहतो!), आणि छुप्या अपस्माराची शंका असल्यास आलेखावाचून गत्यंतर नाही. बदल अचानक झाला की नाही, हे आधी ठरवावे लागते, म्हणून वाचकांस विनंती इतकीच, की डॉक्टरांकडे जाताना रुग्ण कालपर्यंत कसा होता, हे सांगू शकणारा माणूस सोबत न्यावा.