बिल्टीवरील किमतीचा रकाना

एप्रिल-मे हे बदल्यांचे महिने. शाळांचे निकाल लागतात, नव्या गावातील प्रवेशांची धावपळ सुरू होते आणि शहरांतील सोसायट्यांच्या फाटकांपाशी ताडपत्री लावलेले ट्रक उभे राहू लागतात. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर असते. नोकरदार माणसाचे मात्र परक्याच्या ट्रकच्या हौद्यात असते, आणि तो ट्रक बहुधा जुना असतो. पुण्याहून दिल्लीला निघालेले बिऱ्हाड सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करते. ते धडपणे पोहोचेल का आणि न पोहोचल्यास भरपाई किती मिळेल, हे प्रश्न ट्रकचा फाळका बंद झाल्यावर मनात येतात. त्यांची उत्तरे मात्र तोपर्यंत एका कागदावर लिहून झालेली असतात.

बिऱ्हाडाच्या वाट्याला जुनाच ट्रक का येतो, याचे उत्तर मालवाहतुकीच्या अर्थकारणात आहे. नव्या, बंदिस्त गाड्यांना कारखान्यांचे ठरलेले काम असते. माल तयार असतो, तो यंत्राने तासाभरात चढतो आणि गाडी लागलीच रस्त्याला लागते. घरसामानाचे तसे नाही. ते चढवण्यात अख्खा दिवस जातो, तिसऱ्या मजल्यावरून कपाट उतरवताना जिन्यात अडकते, आणि हे गिऱ्हाईक पुन्हा येईल याची शाश्वती नसते. त्यामुळे बाजारात जी गाडी उरलेली असते, ती बिऱ्हाडाला मिळते. त्यातही परतीच्या भाड्याची गाडी स्वस्त पडते. राजसमंद किंवा किशनगढचा संगमरवर घेऊन महाराष्ट्रात आलेल्या ट्रकला रिकामे परतणे परवडत नाही. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत तो दोन दिवस थांबतो आणि मिळेल तो माल घेऊन उत्तरेची वाट धरतो. ज्या कंपनीशी आपण बोलणी करतो, तिच्या मालकीचा ट्रक असतोच असे नाही. ती दलालाला फोन करते, दलाल ट्रकमालकाला, आणि आपल्या दारात उभा राहणारा चालक यांपैकी कोणाचाच नोकर नसतो.

जुनेपणाचा पहिला फटका बसतो तो पाट्यांमुळे. ट्रकच्या चाकांवरील पोलादी पाटे नऊ-दहा टन ओझ्यासाठी घडवलेले असतात. दोन-तीन खोल्यांच्या घराचे सामान जागा पुष्कळ व्यापते, पण वजनाला जेमतेम दोन-तीन टन भरते. एवढ्या हलक्या ओझ्याखाली ताठ पाटे दबतच नाहीत, आणि रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट हौद्यात पोहोचतो. पाट्यांना वंगण नसले, एखादे पान तुटलेले असले, तर हिसके आणखी वाढतात. म्हणूनच सिमेंटच्या गोणी सुखरूप नेणारा ट्रक काचेचे कपाट फोडतो. बिऱ्हाडाला मोठ्या ट्रकपेक्षा चौदा किंवा सतरा फुटी लहान गाडी अधिक मानवते, ती यासाठीच. दुसरा फटका पाण्याचा. वरून ताडपत्री असली तरी हौद्याच्या लाकडी फळ्यांतील फटींतून चाकांनी उडवलेले पाणी वर येते. पावसाळ्यात गाद्या आणि पुस्तके भिजतात ती बहुतेकदा खालून. सामान चढवण्याआधी रिकाम्या हौद्यात उभे राहून खाली रस्ता दिसतो का, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. तळाशी प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून त्यावर आधी कपाटांसारख्या वस्तू ठेवाव्यात आणि पुस्तकांची खोकी कधीही थेट फळ्यांवर ठेवू नयेत. जड सामान केबिनच्या बाजूला आणि फ्रीज उभाच, हे जाणत्या हमालांना सांगावे लागत नाही. आडवा पडून गेलेला फ्रीज पोहोचताच सुरू करू नये, काही तास उभा ठेवावा. कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर परतण्यास तेवढा वेळ लागतो. समोरून दार असलेल्या धुलाईयंत्राचा पिंप घट्ट धरणारे बोल्ट यंत्रासोबतच मिळालेले असतात. ते पुन्हा बसवल्याशिवाय यंत्र ट्रकमध्ये चढवणे म्हणजे चौदाशे किलोमीटर पिंप आपटत नेणे होय.

कमी सामान असणाऱ्यांना 'पार्ट लोड' सुचवले जाते. एका गाडीत दोन-तीन घरांचे सामान, भाडे विभागून. व्यवहार वाजवी आहे, पण त्यात सामान एका ट्रकमधून उतरून गोदामात पडते आणि दुसऱ्यात चढते. मोडतोड आणि गहाळ होणे घडते ते या चढउतारातच. गाडी मध्ये बदलणार आहे का, हा प्रश्न विचारून त्याचे उत्तर लेखी घ्यावे. तोंडी उत्तर नेहमी नकारार्थीच असते.

ट्रकचे वय हा कायद्याचाही विषय आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ८८ नुसार साध्या दोन अक्षांच्या मालवाहू गाडीचे वय १२ वर्षांहून अधिक झाले की तिला राष्ट्रीय परवाना मिळत नाही. बहुअक्षीय गाडीला ही मर्यादा १५ वर्षांची आहे. आठ वर्षांपुढील गाडीला योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते. दिल्लीचा प्रश्न आणखी निराळा. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या आदेशानुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदणी झालेल्या, बीएस-४ निकषांपेक्षा जुन्या इंजिनाच्या मालवाहू गाड्यांना दिल्लीत प्रवेश बंद झाला. बीएस-४ गाड्यांना त्याच आदेशाने ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली. याचा अर्थ असा, की परवाना शाबूत असलेला ट्रकही दिल्लीच्या वेशीवर अडकू शकतो. मग हरियाणात कुठेतरी सामान उतरवून दुसऱ्या गाडीत भरले जाते आणि त्याचे पैसे मागितले जातात. गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी मागून घ्यावा आणि 'एम-परिवहन' या सरकारी ॲपवर टाकावा. नोंदणीची तारीख, योग्यता, विमा आणि परवाना यांची मुदत तेथे दिसते. क्रमांक देण्यास टाळाटाळ करणाऱ्या कंपनीस काम न देणे हेच श्रेयस्कर.

आता त्या कागदाकडे वळू. मालवाहतूकदाराने मालाची पोच म्हणून द्यावयाची पावती व्यवहारात 'बिल्टी' म्हणून ओळखली जाते. तिच्यामागचा कायदा जुना आहे. १८६५ च्या वाहक कायद्याने घड्याळे, काच, चिनी मातीची भांडी, रेशीम, शाली, हस्तिदंत, चंदन, एवढेच नव्हे तर अफू यांचीही यादी दिली होती. यादीतील वस्तू शंभर रुपयांहून अधिक किमतीची असेल आणि धन्याने ती किंमत आधी जाहीर केली नसेल, तर वाहक जबाबदार नाही, असा तो नियम होता. २००७ च्या रस्त्याने मालवाहतूक कायद्याने त्याची जागा घेतली आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आला. यादी गेली, पण किंमत जाहीर करण्याचे महत्त्व राहिले.

नव्या कायद्याने 'वाहक' या शब्दाची व्याख्या रुंद केली. माल आरक्षित करणारी कंपनी, कंत्राटदार, अडत्या आणि दलाल हे सारे तिच्यात येतात. 'ट्रक आमचा नव्हता' हे पॅकर्स-मूव्हर्स कंपन्यांचे ठेवणीतले उत्तर त्यामुळे टिकण्याजोगे नाही. माल गहाळ झाला किंवा मोडला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे कलम १२ नुसार मालधन्यावर नाही. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती किंवा निर्बंध अशा मोजक्या कारणांनीच वाहक सुटू शकतो. बिल्टीवर 'मालधन्याच्या जोखमीवर' असा शिक्का सर्रास मारलेला आढळतो. परंतु तेवढ्याने वाहक स्वतःच्या निष्काळजीपणातून मोकळा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुना कायदा लागू असतानाच, २००० साली स्पष्ट केले होते.

इतके सारे बाजूने असूनही भरपाई हाती तुटपुंजी पडते, याचे कारण एका रकान्यात आहे. सामान सोपवताना मालधन्याने एक पत्रक भरून द्यायचे असते आणि त्यात मालाची किंमत लिहायची असते. २०११ च्या नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपर्यंत मर्यादित आहे, आणि ती रक्कम जाहीर केलेल्या किमतीपेक्षा अधिक असू शकत नाही. समजा भाडे ३०,००० रुपये ठरले. दहापट म्हणजे ३ लाख. पण कंपनीचा माणूस म्हणतो, "साहेब, किंमत कमी लिहा, विम्याचे पैसे वाचतील," आणि आपण ५०,००० लिहितो. ट्रक जळून खाक झाला तरी कंपनीची जबाबदारी तेथे ५०,००० वर थांबते. उलट ५ लाख लिहिले, तर ती ३ लाखांपर्यंत जाते. आणि त्याहूनही अधिक हवी असेल तर वाढीव जोखीमदर भरून तसे लेखी ठरवता येते. बहुतेक बिऱ्हाडांत हा रकाना कंपनीचा माणूसच भरतो आणि घरमालक हमालांच्या चहाच्या गडबडीत खाली सही करतो. वर्षानुवर्षे जमवलेल्या संसाराची कायदेशीर किंमत त्या क्षणी ठरून जाते.

विम्याचेही असेच. जाहीर किमतीच्या काही टक्के रक्कम 'विमा' म्हणून घेतली जाते, पण पुष्कळदा विमा कंपनीची पॉलिसी निघालेलीच नसते. आपल्या नावाचे, पॉलिसी क्रमांक असलेले प्रमाणपत्र ट्रक निघण्यापूर्वी हाती नसेल, तर विमा नाही असेच समजावे. प्रमाणपत्र मिळाले तर त्यावरील कलमाचे अक्षर वाचावे. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'अ', 'ब' आणि 'क' असे तीन प्रकार असतात. 'क'मध्ये आग आणि वीज पडणे एवढेच. 'ब'मध्ये त्यांच्या जोडीला टक्कर, गाडी उलटणे, पूल कोसळणे. खड्ड्यांच्या हिसक्यांनी आरसा फुटला किंवा एखादे खोके चोरीस गेले, तर या दोहोंचा उपयोग नाही. त्यासाठी 'अ' हवे. त्यातही सदोष बांधणीमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. म्हणून काचसामान घरी बांधलेले असेल तर विमा कंपनीला तक्रारीस जागा मिळते. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे ट्रकमध्ये ठेवूच नयेत.

सरकारी सोपस्कार मानाने सोपे झाले आहेत. जकात नाके इतिहासजमा झाले. वस्तू व सेवा कराच्या नियमांत वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून सूट आहे. दुकानातून आणलेला, वेष्टन न फोडलेला नवा टीव्ही मात्र 'वापरलेला' ठरत नाही. गॅसचे सिलिंडर सामानात टाकण्याचा मोह टाळावा. ते रेग्युलेटरसह वितरकाकडे जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घेतले की नव्या गावी जोडणी मिळते. दुचाकी न्यायची असल्यास परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, कारण दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवायचे तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते.

या धंद्यातील खरी वाईट खोड आणखी वेगळी आहे. दर कमी सांगायचा, सामान चढवून घ्यायचे आणि मुक्कामाला पोहोचल्यावर जिना, पथकर, गोदाम, 'जास्त सामान' अशी नावे देऊन दुप्पट रक्कम मागायची. तोवर संसार त्यांच्या ताब्यात असतो, पोरांची शाळा दोन दिवसांवर आलेली असते, आणि माणूस पैसे देऊन मोकळा होतो. यावर उपाय एकच आणि तो निघण्यापूर्वीचा. घरी येऊन सामान पाहिल्याशिवाय, केवळ फोनवर सांगितलेला दर स्वीकारू नये. वस्तूंची यादी, एकूण रक्कम आणि 'यात सर्व खर्च समाविष्ट' हे शब्द एकाच कागदावर, सहीशिक्क्यासह असावेत. आगाऊ रक्कम थोडी, मोठा हिस्सा सामान घरात आल्यावर. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे घेऊन बसलेल्या टोळ्या इंटरनेटवर विपुल आहेत. २००७ च्या कायद्याने वाहकाला नोंदणी सक्तीची केली असल्याने तो नोंदणी क्रमांक विचारणे हा आपला हक्क आहे.

सामान पोहोचल्यावर चालक पोच-पावतीवर सही मागतो आणि त्याला घाई असते. संगमरवर वाट पाहत असतो. यादीशी खोकी मोजून, फुटलेले-तुटलेले जे दिसेल ते पावतीवर लिहून मगच सही करावी. छायाचित्रे काढावीत. खटला किंवा तक्रार करायची तर त्याआधी वाहकाला लेखी नोटीस पोहोचली पाहिजे, आणि तीही १८० दिवसांच्या आत. हे दिवस सामान पोहोचल्यापासून नव्हे, तर ते सोपवल्याच्या, म्हणजे बुकिंगच्या तारखेपासून मोजले जातात. बिल्टीच्या तळाशी वाहकाच्या गावच्या न्यायालयाचे नाव छापलेले असले तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. नोटीस मात्र वेळेत हवी. १ जूनला पुण्यात सोपवलेल्या सामानाबाबत ती २८ नोव्हेंबरपर्यंत पोहोचली पाहिजे. बदलीच्या गावी शेवटची चार-पाच खोकी माळ्यावर तशीच बांधलेली राहतात. निदान दिवाळीच्या साफसफाईत ती उघडून पाहिली, तर मुदत अजून हाती असते.