मॅक्रो छायाचित्रण : महागड्या लेन्सपेक्षा संयम महत्त्वाचा

मुंगीचे डोळे, फुलपाखराच्या पंखांवरील खवले असे सूक्ष्म तपशील टिपणारे छायाचित्रण म्हणजे मॅक्रो. यात कीटकाची प्रतिमा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मूळ आकाराएवढी, म्हणजे १:१ प्रमाणात उमटते. मॅक्रो लेन्स नसल्यास नेहमीच्या लेन्समागे एक्स्टेन्शन ट्यूब जोडून प्रारंभ करता येतो.

इतक्या जवळून, अ‍ॅपर्चर एफ/११ ठेवूनही, जेमतेम सव्वा मिलिमीटर खोलीचा भाग सुस्पष्ट येतो. त्यामुळे फोकस डोळ्यांवरच साधावा. लहान अ‍ॅपर्चरमुळे घटलेला प्रकाश फ्लॅशने भरून काढावा. फ्लॅशपुढे पातळ पांढरे कापड लावल्यास तो सौम्य होतो.

पहाटेच्या गारव्यात कीटक सुस्त असतात. तीच वेळ साधावी. छायाचित्रासाठी त्यांना पकडून फ्रीजमध्ये गारठवणे मात्र कटाक्षाने टाळावे. चित्र हुकले तरी चालेल, जीव दुखावता कामा नये.