बफेलोची आभारदिनाची दौड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे आभारदिनी, टर्कीच्या मेजवानीपूर्वी, सहकुटुंब धावण्याचा जो प्रघात आज सार्वत्रिक झाला आहे, त्याचा आरंभ बफेलो शहरी १८९६ साली, म्हणजे बोस्टन मॅरेथॉनच्याही एक वर्ष आधी, झाला; त्या दिवशी सहा जण निघाले, चौघेच मुक्कामी पोहोचले. अंतर सुमारे ८ किलोमीटर.

तेथे मुलाबाळांसह धावताना शेजारच्या ईरी सरोवरावरून येणारा वारा अंगालगतची उबदार हवा हिरावून नेतो आणि घामाने भिजलेले सुती वस्त्र त्या अपहारास साहाय्यच करते, म्हणून लोकरीचे पातळ थर एकावर एक चढवावेत. धावणाऱ्या आईबापांपेक्षा बाबागाडीत निश्चल बसलेले मूल आधी गारठते, याचे भान मात्र क्षणभरही सुटू नये. दौड संपताच, छायाचित्राच्याही आधी, त्याचे हात चाचपून पाहावेत.