जुन्या जिप्सीचे शॉकअप बदलताय? आधी गाडीचं काम ठरवा, मग भाव विचारा



सफारीच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते जिप्सीचं. ताडोबा असो की पेंच, गेटवर उभ्या असलेल्या उघड्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोर येते. मारुतीने ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद केली. म्हणजे आज तुम्ही जी जिप्सी घ्याल ती सेकंडहँडच असणार. एक-दोन मालकांच्या हाताखालून गेलेली, रंग नवा मारलेला, इंजिन धुऊन चकाचक केलेलं.

आणि खाली? खाली चारही चाकांना पाटे आणि चार शॉकअप. बरेच नवे मालक गाडी घेतात, दोन फेऱ्या मारतात, गाडी उसळते म्हणून दुकानात जातात आणि विचारतात, "जिप्सीचे चार शॉकअप द्या, कितीला?" इथेच गडबड होते. भाव हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा, की तुमची गाडी रोज नेमकं काय काम करणार आहे?

शॉकअप वजन उचलत नाही

हे एकदा पक्कं समजून घ्या, निम्मे पैसे इथेच वाचतील. गाडीचं वजन उचलतात पाटे. शॉकअपचं काम आहे पाट्यांची उसळी थांबवणं. शॉकअपच्या आत तेल असतं आणि ते बारीक व्हॉल्व्हमधून दाबलं जातं. खड्ड्यात बसलेल्या हिसक्याची ताकद त्या तेलात उष्णता होऊन जिरते. बस, एवढंच.

म्हणजे गाडी मागून बसलेली दिसत असेल, एका बाजूला झुकलेली असेल, तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही. तिथे पाट्यांचंच काम करावं लागेल. पाटा तुटलाय का, कमान सपाट झालीय का, शॅकल गंजून जाम झालंय का, बुश संपलेत का, हे आधी बघायचं. २०१० ते २०२० मधली जुनी थार घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा, की तिच्या काही मॉडेलमध्ये पुढच्या बाजूला पाटे नसून टॉर्शन बार आहे. अशा गाडीत पुढची उंची कमी-जास्त होते ती त्या बारमुळे.

एक साधी तपासणी सांगतो. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. चारही चाकांच्या मधल्या बिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या आणि वहीत लिहा. पुढच्या डाव्या-उजव्या मापात, किंवा मागच्या, ठळक फरक दिसला तर आधी पाटेवाल्याकडे जा, शॉकअपच्या दुकानात नंतर.

खराब कोणता, हे कसं ओळखायचं?

गाडी एका कोपऱ्यावर दाबून सोडायची आणि किती वेळा हलते ते बघायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण पाट्यांच्या गाडीत ती फसवते. गंजलेले पाटे एकमेकांवर घासतात आणि गाडी त्या घर्षणानेच थांबते. शॉकअप मेलेला असला तरी गाडी शहाण्यासारखी उभी राहते. म्हणून आणखी चार गोष्टी बघा.

एक, तेल. बॉडीवर धुळीचा हलका ओलसर थर चालतो. तेलाचा ओघळ दिसला, थेंब पडत असला, तर तो शॉकअप संपला.

दोन, उष्णता. आठ-दहा किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी चालवून आणा. उतरल्याबरोबर चारही शॉकअपच्या बॉडीला बोट लावून बघा, जपून. काम करणारा शॉकअप गरम लागतो. तीन गरम आणि एक थंड असेल, तर थंड असलेला फुकटचा पगार खातोय.

तीन, टायर. टायरच्या गोलाईवर ठराविक अंतराने खळगे पडलेत का? चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतंय, याची ती खूण.

चार, डोळे आणि बुश. वर-खाली जिथे शॉकअप बसतो, तिथलं रबर फाटलंय का, ब्रॅकेटला चीर गेलीय का, ते बघा. कधी कधी आवाज फक्त बुशचा असतो. काही रुपयांचं रबर बदलून काम होतं आणि लोक चार शॉकअप बदलून बसतात.

आता काम ठरवा

शॉकअप ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, दोन नळ्यांचा, एका नळीत दुसरी. दुसरा, एका नळीचा, जास्त दाबाचा गॅस भरलेला. दुकानदार म्हणेल, "साहेब, गॅसवालाच घ्या, भारी असतो." भारी कशासाठी, ते विचारा.

लांबच्या खराब रस्त्यावर तास-तासभर वेगात गाडी पळवली की शॉकअपमधलं तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि पकड जाते. एका नळीच्या शॉकअपमध्ये गॅस आणि तेल वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, म्हणून फेस होत नाही. नळी थेट बाहेरच्या हवेला लागून असल्याने उष्णताही लवकर बाहेर जाते. हा त्याचा खरा फायदा. पण त्याची दुसरी बाजू बघा. ज्या नळीत दट्ट्या फिरतो, तीच बाहेरची भिंत. दगड लागून पोचा पडला की दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून छोटा पोचा पडला तरी आतली नळी शाबूत राहते.

आता तुमचं काम काय? जंगलात गाडी हळू चालते. चढ, नाले, दगड, धूळ आणि वर माणसं. सहा पर्यटक, गाईड आणि ड्रायव्हर धरले तर आठ जण. सरासरी ६५ किलो धरले तरी ५२० किलो झाले, आणि रिकामी जिप्सी जेमतेम एक टनाच्या आसपास. म्हणजे गाडीच्या वजनाच्या निम्म्याइतकं ओझं रोज चढतं आणि उतरतं. अशा कामाला नामांकित कंपनीचा, जाड नळीचा, दोन नळ्यांचा शॉकअप बहुतेक वेळा पुरतो. हीच गाडी तुम्ही लांब पल्ल्याच्या टूरला नेणार असाल, हायवेवर आणि मग शेकडो किलोमीटर कच्च्या रस्त्यावर, तर गॅसचा विचार करा.

आणि "एकदम कडक द्या" असं कधीच म्हणू नका. शॉकअप पाट्यांशी जुळला पाहिजे. तो फार कडक असला की ओळीने खड्डे आल्यावर पाट्याला परत उघडायला वेळच मिळत नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी धाडकन आदळते. मागच्या सीटवर एखाद्या आजी बसलेल्या असतात. त्यांच्या कमरेचा हिशेब तुमच्या रिव्ह्यूमध्ये निघतो. उलट, शॉकअप अगदी मेलेले असतील तर चाक जमिनीवर टिकत नाही, आणि जे चाक हवेत आहे त्याचा ब्रेक लागत नाही. आठ जीव गाडीत असताना उतारावर हे परवडणारं नाही.

माप घेतल्याशिवाय ऑर्डर नाही

जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय काय केलंय, कुणाला ठाऊक? जास्तीचा पाटा टाकलेला असतो, मोठं शॅकल लावून गाडी उंच केलेली असते. अशा गाडीला मूळ लांबीचा शॉकअप लावला तर चाक खाली लोंबकळताना शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि आतून तुटतो. फार लांब लावला तर गाडी दबताना तो तळाला आपटतो.

म्हणून मिस्त्रीकडून तीन मापं घ्या. वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत, गाडी नेहमीसारखी उभी असताना. चाक पूर्ण खाली लोंबताना. आणि चाक रबरी बंपस्टॉपला दाबलेलं असताना. नवा शॉकअप पूर्ण मिटल्यावर तिसऱ्या मापापेक्षा आखूड हवा आणि पूर्ण उघडल्यावर दुसऱ्या मापाला पुरायला हवा. दोन्ही टोकांना डोळा आहे की पिन, बोल्टची जाडी किती, हेही त्याच कागदावर लिहा.

गाडी उंच करायचा मोह होईल. धंद्याच्या गाडीत हा मोह टाळा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचना बदलायला परवानगीशिवाय मज्जाव करतं आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. मूळ मापाचे शॉकअप बदलणं ही दुरुस्ती आहे. गाडीची उंची बदलणं ही वेगळी गोष्ट. अपघातानंतर विम्याच्या टेबलावर हा फरक फार महाग पडतो.

चला, हिशेब मांडूया

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या भागातले भाव घालून पुन्हा मांडा.

समजा, स्वस्तातले चार शॉकअप ६,००० रुपयांना मिळतात आणि १५,००० किलोमीटर टिकतात. चांगले चार १६,००० रुपयांना मिळतात आणि ६०,००० किलोमीटर टिकतात. बसवायची मजुरी दर वेळी १,००० रुपये. गाडी बंद राहिली तर दिवसाला दोन फेऱ्यांचे मिळून २,४०० रुपये बुडतात.

६०,००० किलोमीटरसाठी स्वस्तातले चार वेळा घ्यावे लागतील. माल २४,०००, मजुरी ४,०००. पहिला संच बंद हंगामात बसवला असं धरू. उरलेल्या तीन वेळी गाडी एकेक दिवस उभी, म्हणजे ७,२०० रुपये गेले. एकूण ३५,२००. चांगल्यांचा खर्च १६,००० अधिक १,०००, म्हणजे १७,०००. महाग कोणता पडला?

आता वेळ बघा. ताडोब्याचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंद असतो. १ ऑक्टोबरला गाडी सुरू केली, आठवड्याला एक सुट्टी धरली आणि दिवसाला १०० किलोमीटर चालवली, तर १५,००० किलोमीटर मार्चच्या अखेरीस भरतात. म्हणजे एप्रिल-मेचा, उन्हाळ्यातल्या व्याघ्रदर्शनाचा सगळ्यात कमाईचा काळ तोंडावर आणि तुमची गाडी गॅरेजात. हप्ता मात्र थांबत नाही.

पण हिशेब दुसऱ्या बाजूनेही मांडा. गाडी वर्षभरात विकायचीच असेल, किंवा तुमच्या गेटवर गाडीच्या वयाची अट असून तुमची गाडी लवकरच बाहेर पडणार असेल, तर ६०,००० किलोमीटर तुम्ही वापरणारच नाही. तेव्हा मधल्या भावाचा घ्या. म्हणून म्हणतो, महाग ते चांगलं असं नाही आणि स्वस्त ते वाईट असंही नाही. तुमच्या कामाच्या किलोमीटरमागे काय पडतं, ते बघा.

पैसे कमी असतील तर? जोडीने बदला. पुढचे दोन किंवा मागचे दोन, जे जास्त खराब ते आधी. एकाच एक्सलवर एक नवा, एक जुना असं कधीच नको. खड्ड्यात गाडी एका बाजूला ओढते.

बसवताना उभे राहा

मिस्त्रीवर विश्वास ठेवा, पण शेजारी उभे राहा. दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी सरळ उभा धरून चार-पाच वेळा दाबायचा आणि उघडायचा, म्हणजे आतली हवा निघते. चकचकीत दांडा पकडीने धरू द्यायचा नाही. त्यावर ओरखडा पडला की सील कापलं जातं आणि महिन्याभरात तेल गळतं. डोळ्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ५०० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासून घ्या.

खरेदी पक्क्या बिलावर करा. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात नकली माल येतो. बिल नसेल तर वॉरंटीही नाही आणि तुमच्या हिशेबात खर्चही नाही.

आजचं काम

एक वही घ्या. पहिल्या पानावर चारही चाकांची उंची लिहा. दुसऱ्या पानावर शॉकअपची मापं. तिसऱ्या पानावर तारीख, किलोमीटर, भाव, दुकानाचं नाव. गाडी अजून घेतली नसेल तर ही वही आणि टेप घेऊनच गाडी बघायला जा, आणि खराब रस्त्यावर एक चक्कर मारल्याशिवाय सौदा करू नका. शॉकअप आणि पाट्यांचा अंदाजे खर्च मालकासमोर कागदावर मांडा आणि तेवढी रक्कम भावातून कमी करायला सांगा. मालक तयार झाला तर उत्तम. नाही झाला तरी ती गाडी तुम्हाला खरोखर केवढ्याला पडणार, हे तुम्हाला सही करण्याआधी कळलेलं असेल.