पॅरिस शहराचे सोडतीचे कर्जरोखे

पॅरिस नगरपालिकेचे जुने छापील रोखे कधीं कधीं संग्राहकांच्या हातीं येतात व वरील अनुक्रमांक पाहून तीं लॉटरीचीं तिकिटें समजलीं जातात. ही समजूत आम्हांस मान्य नाहीं. कलकत्त्याच्या लॉटरी कमिटीनें १८१७ पासून १८३६ पर्यंत ज्या लॉटऱ्यांवर शहरसुधारणा केली, त्यांत बक्षीस न लागल्यास तिकिटाचा पैसा बुडे. पॅरिसचा रोखा हें खरें कर्ज होय.

जानेवारी १८७१ मध्यें युद्धतहकुबीच्या वेळीं प्रशियानें त्या शहरावर २० कोटि फ्रँक खंडणी बसविली. त्याच वर्षीं शहरानें ३५ कोटींचें कर्ज काढलें. रोखा ४०० फ्रँकांचा, व्याज शेंकडा ३. इतक्या हलक्या व्याजावर सावकार कसा मिळावा? म्हणून वाचलेल्या व्याजाचा कांहीं अंश बक्षिसांसाठीं राखला. ठराविक मुदतीनें सोडत होई. पहिल्या थोड्या क्रमांकांस बक्षीस, बाकी निघालेल्यांस दर्शनी रक्कम. जुगार काय तो व्याजाच्या अंशापुरता. मुद्दलास धक्का नाहीं.

असा रोखा मिळाल्यास कडेचीं कुपनें आधीं पाहावीं. शेवटचें कापलेलें कुपन कोणत्या तारखेचें, यावरून धन्यानें व्याज कोठपर्यंत उचललें हें कळतें.