धूर कितव्या मजल्यावर?

7 जून 2023. न्यू यॉर्कमध्ये भर दुपारी आकाश नारिंगी झालं. यांकी स्टेडियमवरचा बेसबॉलचा सामना पुढे ढकलावा लागला, हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक 400 च्या वर गेला. शेजारच्या न्यू जर्सीत मराठी घरं काही कमी नाहीत. तिथेही दारं-खिडक्या लावून बसायची पाळी आली. वणवा मात्र जवळपास कुठेच नव्हता. तो पेटला होता शेकडो किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात.

हा धूर निघाल्याचं वरून दिसत होतं. ‘गोज-16’ हा अमेरिकी उपग्रह तेव्हा विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरून, पृथ्वीच्याच गतीने फिरत अमेरिकेचं चित्र दर पाच मिनिटांनी टिपत होता. ही चित्रं ओळीने लावली की धूर वाहताना दिसतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र ठाण मांडून होतं. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे त्याच्या पश्चिम अंगाने क्वेबेकचा धूर थेट दक्षिणेला ओढला गेला.

पण चित्रात धूर ओळखायचा कसा? ढग पांढराशुभ्र, कडा ठसठशीत. धूर मळकट, कडा पुसट, आणि विरळ असेल तर त्याखालची नदीही दिसते. सूर्य माथ्यावर असताना हाच धूर फिका पडतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात तो उठून दिसतो. आपल्या खोलीतली धूळ कवडशातच दिसते, तसंच. रात्री आणखी पंचाईत. अवरक्त कॅमेऱ्याला आगीची धग दिसते, पण धुराचे बारीक कण त्या किरणांना फारसे अडवतच नाहीत. म्हणूनच अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेतले विश्लेषक आजही चित्रं डोळ्यांनी तपासून धुराच्या सीमा आखतात आणि विरळ, मध्यम, दाट अशा तीन पातळ्या ठरवतात. इतकी यंत्रं असूनही शेवटी माणसाचीच नजर कामी येते, हे मला आवडतं.

खरी अडचण उंचीची. वरून पाहणाऱ्याला सगळे थर एकावर एक चिकटलेले दिसतात. धूर पाच किलोमीटरवरून चालला असेल, तर खालच्या माणसाला फक्त लालसर सूर्यास्त दिसतो. तोच जमिनीलगत उतरला की छाती भरते. ‘कॅलिप्सो’ उपग्रह लेझरचा झोत सोडून थरांची उंची मोजत असे. पण त्याची नजर एका अरुंद रेषेपुरतीच होती, आणि 2023 मध्ये त्याचं कामही थांबलं.

आपल्याकडे उपग्रहांचा भर धुरापेक्षा आगीवर. गडचिरोलीत मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधी कधी रानात पसरते. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहाला दिसलेल्या अशा आगींच्या ठिपक्यांचे संदेश वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवतं. उपग्रहांवरच्या एका उपकरणाचा एक ठिपका म्हणजे 375 मीटरचा चौकोन. आग त्यात नेमकी कुठे आहे, हे पायीच शोधायचं.

धुराची उंची नकाशा सांगत नाही. तेव्हा नकाशावर आपलं गाव धुराच्या पट्ट्याखाली दिसलं, तर आधी जवळच्या हवामापन केंद्राचा पीएम 2.5 चा, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा, आकडा बघा. खिडक्या लावायच्या की नाही, ते त्यावरून ठरवा.